'व्हेरिएंट' म्हणजे खोट नव्हे

"रिपोर्टमध्ये 'व्हेरिएंट' लिहिलंय डॉक्टर. म्हणजे माझ्या लिव्हरमध्ये काही खोट आहे का?"

लिव्हरचा भाग द्यायला तयार झालेली माणसं हे हमखास विचारतात. मागे एक बाई आल्या होत्या, नवऱ्याला द्यायचं होतं. रिपोर्टमधल्या त्या शब्दाखाली मुलाने पेनाने दोनदा रेघ मारलेली. "आता मला देता येणार नाही का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी त्यांना आत नेऊन माझ्या स्क्रीनसमोर बसवलं. सीटी स्कॅन वाचणं हे माझं काम. 'व्हेरिएंट' म्हणजे लिव्हरच्या धमनीची पुस्तकातल्यापेक्षा वेगळी वाट, एवढंच. त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. साधारण पाऊण हिस्सा पोर्टल व्हेन, म्हणजे आतड्यांकडून येणारी मोठी शीर आणते, पाव हिस्सा धमनी. पाव म्हणून धमनीला कमी लेखू नका. पित्तनलिकांची सगळी भिस्त तिच्यावर असते. प्रत्यारोपणानंतर ती गुठळीने बंद पडली तर नलिका खराब होत जातात आणि लावलेलं लिव्हर हातचं जाऊ शकतं. आणि ही धमनी केवढी? लिव्हरच्या दाराशी तिच्या उजव्या-डाव्या फांद्या होतात तिथे जाडी दोन-चार मिलिमीटर.

पुस्तकातल्या चित्रात महाधमनीतून एक आखूड बुंधा निघतो. त्याच्या तीन फांद्या: एक जठराकडे, एक प्लीहेकडे, एक लिव्हरकडे. पण शरीररचनातज्ज्ञ मिशेल्स यांनी २०० शवविच्छेदनं करून १९६६ साली जे दहा प्रकार मांडले, त्यांत अगदी या चित्राबरहुकूम निघाले ५५ टक्के. पुढे १९९४ मध्ये हायट आणि सहकाऱ्यांनी १,००० दात्यांची लिव्हर तपासली, तिथे हे प्रमाण ७६ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे कमीत कमी धरलं तरी चौघांतल्या एकाची धमनी चित्राबाहेरची. इतक्या माणसांना 'नॉर्मल नाही' म्हणायचं? मला तो शब्द मुळीच पटत नाही.

हे होतं गर्भातच. सुरुवातीला लिव्हरला रक्त तीन ठिकाणांहून मिळतं: मधल्या बुंध्यातून, जठराच्या डाव्या धमनीतून आणि आतड्यांना रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीतून. पुढे कडेच्या दोन वाटा बहुतेकांत विरून जातात. गावाला डांबरी रस्ता झाला तरी कुठे कुठे जुनी पायवाट राबती राहते ना, तसं काहींत एखादी वाट टिकते, कधी दोन्ही. लिव्हरचं त्यात काही बिघडत नाही.

बिघडू शकतं ते सर्जनला ठाऊक नसेल तर. आतड्यांच्या धमनीतून आलेली उजवी फांदी स्वादुपिंडाच्या डोक्यामागून, पोर्टल व्हेनच्या पाठीमागून वर चढते. स्वादुपिंडाच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये ती नेमकी सुरीच्या वाटेत येते. जठराकडून आलेली डावी फांदी जठराच्या ऑपरेशनमध्ये बांधली जाऊ शकते. लिव्हरच्या गाठीत धमनीतून औषध सोडणाऱ्यांनाही हा नकाशा आधी हातात हवा असतो.

तो सीटी स्कॅनमधून मिळवायचा म्हणजे सगळा खेळ सेकंदांचा. कोपराजवळच्या शिरेत जाड कॅन्युला, तिच्यातून सेकंदाला चार-पाच मिली वेगाने, स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या उजळवणारं आयोडीनचं औषध. अंगभर ऊब पसरते, लघवी झाल्यासारखं वाटतं. हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक दचकून हलतात. यंत्र महाधमनीवर नजर ठेवून असतं. औषध तिथे पोचलं की थोड्याच वेळात "श्वास रोखा". उशीर झाला तर पोर्टल व्हेनही उजळते आणि तिच्या आडची बारीक धमनी शोधणं अवघड होऊन बसतं.

मिलिमीटरपेक्षा पातळ असे शेकडो काप समोर येतात. रंगीत थ्रीडी चित्र सगळ्यांना आवडतं, सर्जनलाही. मी मात्र आधी साधे करडे काप खालून वर, वरून खाली फिरवते. पोर्टल व्हेनच्या मागे एक पांढरा ठिपका दिसतो. वर जावं तसा तो उजवीकडे सरकतो आणि लिव्हरमध्ये शिरतो. तीच ती धमनी. तो ठिपका मूळापर्यंत मागे नेल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करत नाही.

ही सवय मला एका चुकीने लावली. नोकरीच्या सुरुवातीला जठराच्या कॅन्सरच्या एका पेशंटचं सीटी वाचलं. गाठ बारकाईने पाहिली, धमन्यांबद्दल एका ओळीत 'नॉर्मल' लिहून टाकलं. संध्याकाळी सर्जनचा फोन आला. लिव्हरच्या खाचेतून जाणारी डावी धमनी त्यांच्या बोटांना लागली होती, ठोके जाणवले म्हणून वाचली. ते रागावले नाहीत, "पुन्हा एकदा काप बघ" एवढंच म्हणाले. बघितलं तर ती होती, सोळा-सतरा कापांत स्वच्छ दिसत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या बाईंची उजवी धमनी आतड्यांच्या धमनीतून आलेली होती. उजवा भाग देताना अशी धमनी उलट सोयीची पडते. डावीशी तिचा संबंध नसतो, आणि जोडायला लांब तुकडा मिळतो. मी माउसने तो ठिपका वर-खाली फिरवून दाखवला. त्या पुढे झुकल्या, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "पुन्हा एकदा दाखवा. हळू." मी दाखवलं. मग त्यांनी मुलाला आत बोलावलं.