व्हाउचर म्हणजे तिकीट नव्हे

लिस्बनच्या जेरोनिमोस मठाचं तिकीट रात्री साडेअकराला, अर्धवट झोपेत, मोबाइलवर काढू नये. मी काढलं. ती वेबसाइट मठाची नसून मधल्या कुठल्याशा कंपनीची आहे, हे मला लिस्बनला पोचेपर्यंत कळलंच नव्हतं. घेतले २७ युरो. अधिकृत तिकीट तेव्हा याच्या निम्म्यातही यायचं.

ऑक्टोबर २०२३ ची गोष्ट. पोर्टोचं ऑफिसचं काम आटपून लिस्बनहून परतीचं विमान होतं आणि मध्ये एक मंगळवार मोकळा मिळाला. एकटीच होते. काय बघायचं ते वसईहून निघतानाच ठरलं होतं. आमच्या किल्ल्यातली चर्चं मी लहानपणापासून बिनछपराची पाहत आलेय. भिंती आहेत, कमानी आहेत, वर थेट आभाळ आणि कोपऱ्यात कुणाचं तरी प्री-वेडिंग शूट. १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज गेले. ते आपल्या घरी चर्च बांधायचे ते छपरासकट कसं दिसतं, एवढं मला बघायचं होतं. आणि तिथलीच वास्को द गामाची कबर.

१५ई ट्रामने मठाच्या भागात, बेलेमला उतरले. (ट्रामचं तिकीट आत काढलं तर महाग पडतं. आधी मेट्रो स्टेशनवर अर्ध्या युरोचं कार्ड घेऊन त्यावर २४ तासांचं तिकीट भरून घ्या.) मठासमोर पोचले तेव्हा दहाही वाजले नव्हते. दारावरच्या माणसाने माझ्या मोबाइलवरचा क्यूआर कोड स्कॅन केला. यंत्र लाल झालं. पुन्हा केला, पुन्हा लाल. "व्हाउचर. नो टिकेट," तो म्हणाला आणि समोरच्या बागेकडे बोट दाखवलं. त्याचा काही दोष नव्हता. दिवसातून किती जणांना तो हे बोट दाखवत असेल कोण जाणे.

मग मी पीडीएफचं दुसरं पान उघडलं. मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की खरं तिकीट आमचा प्रतिनिधी सव्वादहाला बागेतल्या कारंज्यापाशी देईल, त्याच्या हातात हिरवी छत्री असेल.

सव्वादहाला कारंज्यापाशी एक लाल छत्री होती, एक पिवळी, दोन निळ्या. सगळे गाइड, सगळ्यांभोवती घोळका. हिरवी नाही. साडेदहा झाले. आणि मग पाऊस आला. फार नाही, आपल्याकडे ज्याला कुणी पाऊस म्हणणार नाही तेवढा, पण अख्ख्या बागेने छत्र्या उघडल्या आणि त्यात हिरव्या निदान सहा. मी भिजत एकेकीखाली डोकावून आले. एका आजोबांनी मला चक्क छत्रीत घेतलं. त्यांना वाटलं, आडोसा मागतेय.

कंपनीच्या नंबरवर फोन लावला. एक दाबा, तीन दाबा, मग संगीत. रोमिंगचे पैसे संगीतालाही पडतात. तेवढ्यात आईचा फोन, वसईत दुपारचे सव्वातीन.

"मिळालं का गं तिकीट?"

"आई, मी नंतर बोलते."

"म्हणजे नाही मिळालं."

कारंज्याच्या कठड्यावर एक ब्राझिलियन मायलेकी बसल्या होत्या. लेकीच्या मोबाइलवर हुबेहूब माझंच व्हाउचर. तिला पाहून मला जो आनंद झाला तो शोभणारा नव्हता, पण झाला. तिने त्याच नंबरवर पोर्तुगीजमध्ये असा काही आवाज लावला की तिकडे माणूस आला. "पाच मिनिटांत पोचतोय." त्या पाच मिनिटांनी अकरा वीस केले. पोरगा आला तो क्रोसाँ खात. छत्री नव्हतीच, गळ्यात ओळखपत्राची हिरवी नाडी होती. माफी वगैरे काही नाही. तीन कागद दिले आणि गेला.

आणि 'स्किप द लाइन' म्हणजे काय, तर तिकीट खिडकीची रांग चुकते. आत शिरायची रांग सगळ्यांना तीच. आम्ही शेपटाला उभ्या राहिलो.

शेजारून एक दुसरी रांग भराभर पुढे सरकत होती. लेकीने चौकशी केली. ती चर्चची रांग. चर्च फुकट, तिकीट लागतं ते आतल्या चौकाला. आणि वास्को द गामा? चर्चमध्ये. म्हणजे ज्याच्यासाठी मी सकाळपासून छत्र्या धुंडाळत होते, तो फुकटात दाराशीच होता.

"तू जाऊन ये, तुझी जागा आम्ही धरतो," ती म्हणाली. गेले.

शिरल्याबरोबर एका बाजूला गामा, समोर कवी कामोइंश. गामा दगडात आडवा झोपलेला, हात जोडलेले, बाजूला कोरलेलं जहाज. मला वाटलं होतं राग येईल. पण सकाळचा सगळा राग त्या नाडीवाल्यावर खर्च झाला होता. वर पाहिलं तर सडपातळ खांब माडासारखे चढत जातात आणि वर फांद्या फुटून छप्पर धरतात. १७५५ च्या भूकंपात अर्धं लिस्बन कोसळलं, हे टिकलं. पुढे राजांच्या शवपेट्या चक्क दगडी हत्तींच्या पाठीवर ठेवल्यात. ते हत्ती बघायला विसरू नका, अंधारात असतात.

आतला चौकही सुंदर आहे, दोरखंड कोरलेल्या कमानी वगैरे. पण तोवर पाय बोलायला लागले होते. मात्र तिथून जिना चढून वरच्या सज्जात जा. चर्च वरून दिसतं. आईला फोटो पाठवला तो तिथूनच. उत्तर आलं, "छप्पर छान आहे. जेवलीस का?"

नाही. जवळच १८३७ पासूनचं पास्तेइशचं, म्हणजे कस्टर्ड भरलेल्या छोट्या टार्टचं, दुकान आहे, तिथेही रांग फुटपाथवर आलेली. यावेळी मी शहाणी झाले होते, आधी विचारलं. ती पार्सलची रांग. आत खोल्यांमागून खोल्या आहेत, बसून खायला पाच मिनिटांत टेबल मिळालं. टेबलावर दालचिनीची डबी. ज्या मसाल्यापायी हा गामा १४९८ ला कोळिकोडला थडकला, तो इथे हवा तेवढा शिंपडा. मी बराच शिंपडला.

नंतर अल्फामा हा जुना भाग, चढ, टाइल्सच्या भिंती, सगळं सुरळीत. २८ नंबरच्या ट्रामची रांग लांबून पाहिली आणि चालत गेले. पांढऱ्या दगडाच्या फरशा ओल्या असताना भयंकर घसरतात, तेव्हा बूट चांगले हवेत.

हां, आणि सोमवारी मठ बंद असतो.