पॅरिसमध्ये एका झग्याच्या मागे

रू ल पेलतिए नावाच्या रस्त्यावर आम्ही दोघी मायलेकी पंधरा मिनिटं उभ्या होतो आणि तिथे बघण्यासारखं खरंच काही नव्हतं. ऑफिसच्या बिल्डिंगी, पार्क केलेल्या स्कूटर, सिगरेट ओढायला खाली आलेली दोन माणसं. लेक म्हणाली, "आई, आपण नक्की काय बघतोय?" म्हटलं थिएटर. "कुठंय?" म्हटलं जळालं, 1873 मध्ये.

तर त्याचं असं आहे की मी गेली वीस-बावीस वर्षं हौशी नाटकांची वेशभूषा करते, राज्य नाट्य स्पर्धेपासून सोसायटीच्या गणपतीपर्यंत सगळं, त्यामुळे पॅरिसला जायचं ठरलं तेव्हा आयफेल टॉवर वगैरे लेकीच्या यादीत आणि माझ्या यादीत एकच गोष्ट, बॅलेचा तो पांढरा झगा. ताटासारखा आडवा उभा राहणारा आखूड तुतू नाही हं, तो नंतरचा. त्याच्या आधीचा, पोटरीपर्यंत येणारा, घंटेच्या आकाराचा, ढगासारखा.

तो झगा गाजला तो याच रस्त्यावरच्या ऑपेरात, 12 मार्च 1832 ला. 'ला सिल्फीद' नावाचा बॅले, नाचणारी मारी टॅग्लिओनी आणि नाच बसवणारा तिचा बाप फिलिप्पो. झग्याचं श्रेय बहुतेक जण युजेन लामी या चित्रकाराला देतात. ती वाऱ्यातली परी, माणसाच्या हाती न लागणारी, त्यामुळे तिचे पाय जमिनीला टेकतायत असं वाटताच कामा नये. टॅग्लिओनी चवड्याच्या अगदी टोकावर उभी राहायची आणि ते पाऊल दिसायला हवं म्हणून झगा पोटरीवर थांबवलेला. म्हणजे लांबी कमी केली ती पायांच्या कामासाठी, हे शिवणाऱ्या बाईला लगेच पटतं.

आणि कापड? मला वाटायचं रेशीम बिशीम असेल. छे! तार्लातान. म्हणजे विरविरीत सुती मलमल, जाळीसारखी, भरपूर खळ घालून कडक केलेली, आणि त्याचे थरावर थर. एक थर घ्या तर मच्छरदाणी, सगळे मिळून घातले की धुकं. आम्हीपण स्पर्धेच्या नाटकात भुताला नेटचे तीन-चार थर लावतो, बजेट नसतं म्हणून, पण आयडिया तीच.

पण नुसत्या कापडानं भागत नाही, अर्धं काम लाइटवाल्याचं असतं. इथे 1822 पासून गॅसचे दिवे आले होते आणि गॅसचा मोठा फायदा म्हणजे ज्योत कमी-जास्त करता येते. 1831 च्या नोव्हेंबरमध्ये इथेच 'रोबेर ल दियाब्ल' हा ऑपेरा झाला, त्यात मेलेल्या जोगिणी चांदण्या रात्री थडग्यांतून उठून नाचतात, त्यांची म्होरकीसुद्धा टॅग्लिओनीच. मंद गॅसच्या उजेडात पांढरंशुभ्र, आरपार दिसणारं कापड हललं की लोकांच्या अंगावर काटा. मग काय, सिल्फीदनंतर लाटच आली, 1841 ला कार्लोता ग्रिझी नाचलेली 'जिझेल' आली, तिच्या दुसऱ्या अंकात पुन्हा पांढऱ्या झग्यातल्या मेलेल्या मुली. जिझेलची कथा लिहिण्यात ज्याचा हात होता त्या तेओफिल गोतिएनंच नंतर लिहून ठेवलंय की सिल्फीदनंतर पांढरी गॉझ, ट्यूल आणि तार्लातान यांचा अतिरेक झाला. स्वतः त्याच धंद्यात असून!

(हाच गोतिए 1838 मध्ये पाँडिचेरीजवळच्या देवदासी पॅरिसला नाचायला आल्या तेव्हा त्यांच्यावरही भरभरून लिहीत होता. टॅग्लिओनीनं त्याआधी 1830 मध्येच रंगमंचावर 'बायादेर' म्हणजे देवदासी करून दाखवली होती, खऱ्या देवदासी बघायच्या आधी.)

दुसऱ्या दिवशी ओर्से म्युझियम. तिथे देगा या चित्रकाराचं ऑपेराच्या ऑर्केस्ट्राचं चित्र आहे, साधारण 1870 चं, याच जळालेल्या थिएटरचं. पुढे काळ्या कोटातले वादक गिचमिडीनं बसलेत, आणि वर नाचणाऱ्या मुलींची डोकीच कापलेली, नुसते झगे आणि पाय, खालून येणाऱ्या दिव्यांनी पेटल्यासारखे उजळलेले. मी त्या चित्रासमोरून हलेना. त्यानंच केलेल्या चौदा वर्षांच्या नाचणाऱ्या मुलीच्या पुतळ्याला खरा कापडी झगा घातलाय तोही बघितला. त्याचा मूळ मेणाचा पुतळा 1881 ला लोकांपुढे आला आणि गंमत म्हणजे 'तुतू' हा शब्दही फ्रेंचमध्ये 1881 चाच सापडतो, लहान मुलांच्या भाषेत ढुंगणाला जे म्हणतात त्यावरून. म्हणजे टॅग्लिओनीनं जन्मात कधी तुतू घातलाच नाही, तिच्यासाठी तो नुसता झगा. लेकीला हे प्रचंड आवडलं, दिवसभर हसत होती.

मग गार्निए ऑपेरा. जळालेल्याची जागा घेणारं, 1875 चं, सोनंच सोनं, डोळे दिपतात, त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. मला हवं होतं आतलं लायब्ररी-म्युझियम, कारण एमा लिव्रीच्या झग्याचे उरलेले तुकडे त्यांच्या संग्रहात आहेत. त्या दिवशी मांडलेले नव्हते. मी दोन चकरा मारल्या, नाहीच.

एमा टॅग्लिओनीची लाडकी शिष्या. 1858 मध्ये सोळाव्या वर्षी सिल्फीद नाचली, 1860 मध्ये टॅग्लिओनीनं खास तिच्यासाठी 'ल पापियों' म्हणजे 'फुलपाखरू' बसवला, त्यात फुलपाखरू मशालीवर झेपावतं आणि पंख जळतात. आता यापुढचं मला नीट सांगता येत नाही. खळ घातलेली सुती जाळी, थरांमध्ये हवा, आणि विंगेत उघड्या ज्योती, याहून चांगलं जळण कुठलं? लंडनला क्लारा वेबस्टर ही नर्तकी अशीच 1844 ला गेली होती. पॅरिसमध्ये 1859 ला हुकूम निघाला की कपडे क्षारांच्या पाण्यात बुडवून घ्या, पेट घेणार नाहीत. पण त्यानं कापड ताठ आणि कळकट व्हायचं, ढगाचं पोतेरं. एमानं लेखी कळवलं की मी माझ्या नेहमीच्याच झग्यात नाचणार, जे होईल त्याला जबाबदार मी.

15 नोव्हेंबर 1862, तालीम चालू. विंगेत टेकताना झगा चुरगळू नये म्हणून तिनं थर वर उचलले आणि जवळच्या दिव्यानं पेट घेतला. आठ महिने अंथरुणात काढून 26 जुलै 1863 ला गेली, विसाव्या वर्षी.

आमच्या लहानपणी स्टोव्हपाशी गेलं की आई ओरडायची, पदर खोच आधी, आणि नायलॉनची साडी नेसून स्वयंपाक नाही म्हणजे नाही. आम्हाला तो जाच वाटायचा.

शेवटच्या दिवशी मोंमार्त्रची दफनभूमी. वरून रस्त्याचा पूल जातो, खाली थडगी आणि मांजरं. आणि एकेक नाव बघावं तर सगळी नाटक कंपनीच इथे मुक्कामाला. गोतिए इथे, जिझेलचं संगीत देणारा आदाम इथे, फुलपाखराचं संगीत देणारा ऑफेनबाख इथे, देगा इथे आणि एमाही इथेच. टॅग्लिओनीच्या आईच्या कबरीवर नाचणाऱ्या मुली झिजलेले पॉइंट शूज ठेवून जातात, पावसानं भिजून त्यांचा लगदा झालेला. एमाच्या अंत्ययात्रेत दोन पांढरी फुलपाखरं शवपेटीवर घिरट्या घालत होती असं गोतिएनं लिहिलंय. खरं असेल, नसेल, नाटकवाली माणसं.

तिथून सॅक्रे-करच्या पायथ्याशी कापडाची दुकानं आहेत, अगदी आपल्या लक्ष्मी रोडसारखी ठाणावर ठाण. तार्लातान आता मुख्यतः एचिंगवाले चित्रकार प्लेटवरची शाई पुसायला वापरतात, तिसऱ्या दुकानात मिळालं, एक मीटर घेतलं. हॉटेलवर आल्यावर कमरेला धरून आरशात बघितलं, लेकीनं फोटो काढला, आणि मग दमून पलंगावर टेकताना माझे हात आपोआप मागे गेले आणि कापड वर उचललं, चुरगळू नये म्हणून.