पाटी आमच्या दारावर

रविवार, १५ जून २०२५, श्टुटगार्ट, जर्मनी

काल सकाळी मी जिना झाडला आणि काल संध्याकाळी आईने मावशीला फोनवर सांगितले, "छे गं, इथे जिना झाडायला माणूस येतो." स्वयंपाकघराचे दार अर्धे उघडे होते आणि मी पाणी प्यायला उठलो होतो. पाणी न पिताच परत आलो.

आमच्या दारावर ही पाटी दर चार आठवड्यांनी येते. ती आली की त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना आपण झाडायचा, पुसायचा, आणि रविवारी संध्याकाळी पाटी शेजारच्या दारावर नेऊन अडकवायची. महापालिकेने आठवड्याच्या सफाईची सक्ती १९८८ मध्येच काढून घेतली म्हणतात, पण घरमालकांनी ती भाडेकरारांत जपून ठेवली आहे. पाटीवर लिहिलेले असते 'केरवोख'; यातला 'वोख' म्हणजे आठवडा, आणि 'केर' हा शब्द पहिल्या वर्षी मला थेट आपलाच वाटला होता. आईला हा विनोद मी ती इथे आल्या आल्या सांगितला होता. ती हसली नाही, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते.

मला लागले ते खोटे बोलणे नव्हे. गेल्या दोन महिन्यांत तिने इथले जवळजवळ सगळेच मावशीला सांगून झाले आहे, आणि खरे तेच सांगितले आहे. नळाचे पाणी दूरच्या बोडेन्से सरोवरातून येते आणि न उकळता पिता येते (पहिला आठवडाभर ती तरीही उकळतच होती), महिन्याला ५८ युरोंचा एक पास काढला की जलद गाड्या सोडून देशभरातल्या लोकल गाड्यांतून हिंडता येते, आणि त्या गाड्यांत चक्क बसायला मिळते, हे डोंबिवलीहून तीस वर्षे लोकलने नोकरीला गेलेल्या माणसाच्या बायकोने ज्या आवाजात सांगावे त्या आवाजात तिने सांगितले. तक्रारीही लपवल्या नाहीत. त्वचेच्या डॉक्टरांची वेळ तीन महिन्यांनंतरची मिळाली आणि रविवारी कोथिंबिरीची काडीसुद्धा विकत मिळत नाही, हेही तिने मावशीला सविस्तर ऐकवले. बदलला तो फक्त जिना. म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या इथल्या संसारात एवढीच एक गोष्ट तिला सांगण्यासारखी वाटली नाही, आणि नेमकी तीच मी केली होती, हातात झाडू घेऊन, ती घरात असताना. बाबा असते तर काय म्हणाले असते, हा विचार मी काल अर्ध्यावरच सोडून दिला.

रात्री झोप येईना तेव्हा संयुक्त राष्ट्रांचा या वर्षीचा मानव विकास अहवाल उघडून बसलो. दुखले की आकड्यांकडे जायचे, ही माझी जुनी खोड आहे. १९३ देशांत जर्मनी पाचवी, भारत १३० वा. अपेक्षित आयुर्मान इकडे ८१ वर्षांच्या वर, तिकडे ७२. प्रत्येक आकडा माझ्या बाजूने होता आणि एकाचाही उपयोग झाला नाही, कारण आईने माझी तुलना भारताशी केलीच नव्हती. तिने ती आमच्या डोंबिवलीच्या जिन्यात रोज सकाळी येणाऱ्या बाईशी केली होती.

तिचे नाव मला आठवत नाही. खरे म्हणजे आठवण्याचा प्रश्नच येत नाही, ते मी कधी विचारले नव्हते. मी शाळेत असल्यापासून ती येत असे, दिवाळीला पैसे आणि फराळाची पुडी घेऊन जात असे, आणि तिचा कप गॅलरीत कुंडीमागे पालथा घातलेला असे. तो आमच्या कपांत कधी मिसळला नाही. त्या कपाबद्दल आई आणि मी आजवर एक शब्दही बोललेलो नाही, आणि कालही बोललो नाही. अहवालाच्या सरासरीत मात्र ती आणि आम्ही इतकी वर्षे एकाच क्रमांकावर होतो.

आज सकाळी नाश्त्याला मी मुद्दामच म्हणालो, "जिन्याला माणूस ठेवता येतो, पण किमान वेतनच तासाला १२ युरो ८२ सेंट आहे." आईने चहा खाली ठेवून मनातल्या मनात गुणाकार केला. "तासाला साडेबाराशे? जिना झाडायचे?" मी हो म्हणालो. ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. ती कोणाचा हिशेब करत होती, माझा की कुंडीमागच्या कपाचा, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. हिने टेबलाखालून पाय मारला म्हणून गप्प राहिलो.

दुपारी भांडी विसळताना मात्र मला एकदम हसू आले. आई खोटे बोललीच नव्हती. इथे जिना झाडायला माणूस येतोच. दर चार आठवड्यांनी येतो, वक्तशीर येतो, पगार मागत नाही, आणि मावशीला मुंजीपासून ओळखतो.

आता संध्याकाळी पाटी शेजारी लावायला निघालो, तर आई मागोमाग दारापर्यंत आली. काल मी झाडत असताना तिने आतल्या खोलीचे दार लावून घेतले होते, तेव्हा तिने काही पाहिले असेल असे मला वाटले नव्हते. ती दोन पायऱ्या उतरली, चष्मा वर केला आणि वाकून पाहत म्हणाली, "कोपरे राहिलेत. कोपऱ्यात झाडू उभा धरायचा असतो, त्या कशा धरायच्या बघितलं नाहीस का कधी?"

पाटी अजून माझ्या हातातच होती.