माजघरातल्या टीव्हीवर एक्सेल

देवगडातल्या काही बागायतदारांचे हिशेब मी घरी बसून लिहिते. आंब्याच्या दिवसांत पेट्या, गाडीभाडं, हमाली, दलाली, वाशीच्या बाजारातून आलेली पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) असं सगळं एका ओळीत मांडायचं असतं. चौदा इंची लॅपटॉपवर उजवीकडची रक्कम बघायला गेलं की डावीकडचं नाव पळतं. माजघरात भावाने घेतलेला 43 इंची, बारीक ठिपक्यांचा फोर-के टीव्ही मात्र दिवसभर बंद.

लॅपटॉपचं चित्र टीव्हीवर न्यायला एचडीएमआय वायर लावली की झालं, असं जो तो सांगतो. वायर लावून चित्र येतं, पण वाचण्याजोगं अक्षर येईलच असं नाही. टीव्ही आलेलं चित्र जसंच्या तसं दाखवत नाही, स्वतःच्या मनाने सजवतो. सिरियलला ते शोभतं, आकड्यांना नाही. त्यामुळे माझं बरंचसं काम ही सजावट उतरवण्याचंच होतं.

आधी टास्कबारच अर्धा गायब. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून चित्र थोडं ताणून कडा चौकटीआड ढकलत. नळी गेली, खोड राहिली. टीव्हीच्या पिक्चर साइझ सेटिंगमध्ये त्याचा इलाज असतो. एलजीत ‘जस्ट स्कॅन’, सोनीत ‘फुल पिक्सेल’, सॅमसंगमध्ये ‘फिट टू स्क्रीन’.

मग लाल आकडे. तोट्याच्या रकमा मी लाल ठेवते, त्याच नेमक्या फिसकटलेल्या. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक जितका कळतो तितका रंगातला कळत नाही, म्हणून व्हिडिओत बहुधा चार ठिपक्यांना मिळून रंगाची एकच नोंद ठेवतात. माणसाच्या चेहऱ्यावर ते खपून जातं, बारीक अक्षरावर नाही. टीव्हीच्या इनपुटला ‘पीसी’ असं नाव दिलं आणि लाल आकडे सुटे झाले. शार्पनेस पार खाली आणल्यावर अक्षरांभोवतीची पांढरी किनारही गेली.

सगळ्यात जास्त छळलं माउसने. हात पुढे, बाण मागे. लॅपटॉपचं एचडीएमआय जुनं, 1.4 आवृत्तीचं, त्यातून फोर-के चित्र सेकंदाला 30 वेळाच जातं. 60 साठी 2.0 लागतं. नशिबाने लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधूनही चित्र निघत होतं, फक्त ते एचडीएमआयला जोडणारा अडॅप्टर हवा होता. कणकवलीच्या दुकानदाराने आधी भलताच अडॅप्टर पुढे केला. खोक्यावर ‘फोर-के 60 हर्ट्झ’, म्हणजे सेकंदाला 60 वेळा, छापलेला मी मागून घेतला. शिवाय टीव्हीत त्या पोर्टपुरती वाढीव सिग्नलची सेटिंग चालू करावी लागली. ती कंपनीगणिक वेगळ्या नावाने लपवलेली असते.

टीव्ही भिंतीवरून खाली, टेबलावर घेतला. वर बघून मान धरायची. तीनेक फुटांवर बसते, ब्राइटनेस निम्म्याहून खाली. दाराकडून येणारा उजेड काचेवर पडतो, म्हणून टीव्हीचं तोंड दारापासून बाजूला वळवलंय.

मे अखेरीस गडगडायला लागलं की आधी एचडीएमआय काढते, मग डिशची वायर, मग प्लग. छपरावरच्या डिशमधून आलेला झटका टीव्हीतून लॅपटॉपपर्यंत पोचू शकतो, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

संध्याकाळी सातला आई रिमोट घेऊन उभी. “गो, माझी सिरियल लागतली आता!” माझ्या टीव्हीत प्रत्येक इनपुटची सेटिंग वेगळी राहते, त्यामुळे तिचे भडक रंग तिला परत मिळतात. तेवढ्यावर आमचा तह झालाय.

वाडीतल्या एका मुलाने बघून विचारलं, आमच्या 32 इंचीवर जमेल का? त्याचा एचडी रेडी, 1366 बाय 768 ठिपक्यांचा. म्हणजे इंचाला जेमतेम 49 ठिपके. माझ्याकडे शंभराच्या वर. खाटेवर बसून लेक्चर बघायला चालेल, म्हटलं. एक्सेल मात्र जवळून त्यावर नीट वाचता येणार नाही.