राणीचा फोटो कुठे मिळेल?

मी जुने फोटो धुंडाळत असतो हे कळलं की लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. सत्तावनच्या लढाईचे खरे फोटो कुठे बघायला मिळतील? आणि झाशीच्या राणीचा ‘तो’ फोटो खरा आहे का हो? दुसऱ्या प्रश्नाबरोबर बहुतेक वेळा फोटोही येतो, आठ-दहा ग्रुपांतून फिरून पार धूसर झालेला. तुम्ही विचारलंत म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. माझ्या मते नाही. त्या फोटोखाली ‘1850, फोटोग्राफर हॉफमन’ असं लिहिलेलं असतं. कलकत्त्याची जॉन्स्टन अँड हॉफमन ही पेढी नावाजलेली होती खरी, पण तिची पाटी लागली 1880 च्या दशकात. राणी धारातीर्थी पडली जून 1858 मध्ये. शिवाय जॉन लँगचा अनुभव आठवा. संस्थान खालसा झाल्यावर राणीने सल्ल्यासाठी बोलावलेला हा वकील 1854 मध्ये झाशीला गेला, तेव्हा राणी त्याच्याशी पडद्याआडून बोलली. छोट्या दामोदररावाने पडदा बाजूला केला म्हणून त्याला ती ओझरती दिसली. वकिलाची ही गत, तर फोटोग्राफरसमोर ती सजूनधजून बसली असेल हे मला पटत नाही.

पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल. माझी पद्धत सांगतो: फोटो शोधण्याआधी कॅमेरा शोधायचा. त्या काळी काचेला कोलोडियन नावाचा चिकट द्रव फासायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत तंबूतल्या अंधारात धुवायची. कागदाची निगेटिव्ह वापरली तर धावपळ कमी, पण उजेड द्यायला वेळ जास्त. एवढा संसार घेऊन लष्करामागे फिरणारी माणसं मोजकीच, आणि ती कुठे कधी होती याचा माग लागतो. जिथे ती पोचली नाहीत तिथला फोटो कोणी दाखवला, की मी आधी शंका घेतो. धावणारा घोडा किंवा चालून जाणारी पलटण त्या काचेवर उमटलीच नसती. म्हणजे ‘लढाईचा फोटो’ असा नसतोच, असतो तो लढाईच्या आधीचा किंवा नंतरचा.

नावानिशी ठाऊक असलेला जगातला पहिला युद्ध-छायाचित्रकार म्हणून ज्याला बहुतेक अभ्यासक मान देतात, तो जॉन मॅकॉश आपल्याच भूमीवर वावरला. हा बंगाल आर्मीतला डॉक्टर. 1848-49 च्या दुसऱ्या शीख युद्धात आणि 1852 मध्ये ब्रह्मदेशात त्याने फोटो काढले. त्याचा अल्बम लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. फोटो लहान आणि काहीसे पुसट, त्यात लढाई नाही. अधिकारी आहेत, पंजाबचा लहानगा महाराजा दुलीपसिंग आहे, मुलतानचा दिवाण मूलराज आहे, ब्रह्मदेशातले पॅगोडे आहेत. पुढे त्याने हिंदुस्थानात येणाऱ्या डॉक्टरांना फोटोग्राफी शिकून घ्या असा सल्ला दिला आणि कॅमेरा पितळी पट्ट्यांनी बांधलेल्या दणकट महोगनीचाच घ्या, घडीचे नाजूक इथे टिकत नाहीत, असंही बजावलं. मला हा माणूस त्या वाक्यासाठीच आवडतो.

मग क्रिमिया, जिथे इंग्रज रशियाशी लढत होते. रॉजर फेंटन हा इंग्रज फोटोग्राफर 1855 मध्ये दारूच्या व्यापाऱ्याची जुनी गाडी डार्करूम करून तिथे गेला. मृतदेह त्याने टाळले. तोफगोळ्यांनी भरलेल्या ओसाड दरीचे त्याने दोन फोटो घेतले, एकात गोळे रस्त्यावर आहेत, दुसऱ्यात रस्ता मोकळा. गोळे कोणी हलवले यावर अजून वाद चालतो. त्याच उन्हाळ्यात नानासाहेबांचा वकील अझीमुल्ला खान लंडनहून परतताना क्रिमियात डोकावला होता, आणि इंग्रजांची फौज तिथे कशी अडकलीय हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. क्रिमियातलं सेवास्तोपोल हे रशियन बंदर पडल्यावर तिथे फोटो काढणाऱ्यांत जेम्स रॉबर्टसनबरोबर त्याचा मेव्हणा फेलिचे बेआतो होता. हाच बेआतो 1858 च्या सुरुवातीला कलकत्त्यात उतरला.

सत्तावनचे म्हणून जे फोटो आपण पुस्तकांत पाहतो त्यांतले कितीतरी बेआतोचे. लखनौच्या सिकंदर बागेचा फोटो तुम्ही पाहिला असेलच: मागे गोळ्यांनी चाळण झालेली इमारत, पुढे काही माणसं, एक घोडा, आणि अंगणभर विखुरलेली हाडं. खालचा मजकूर सांगतो, दोन हजार बंडखोरांच्या कत्तलीनंतरची सिकंदर बाग, नोव्हेंबर 1857. ते वाचून लोक बेधडक ‘1857 चा फोटो’ म्हणून टाकतात. पण नोव्हेंबरात बेआतो हिंदुस्थानात नव्हताच! लखनौ पुन्हा इंग्रजांच्या ताब्यात गेलं मार्च 1858 मध्ये, त्याचा कॅमेरा तिथे लागला त्यानंतर. मग चार-पाच महिन्यांनी हाडं अशी उघड्यावर कशी? जॉर्ज कॅम्पबेल या अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की प्रेतं झाकून टाकलेली होती, पण फोटोसाठी ती उघडी करायला लावली. दोन वर्षांनी चीनमधल्या ताकू किल्ल्यात याच माणसाने माझे फोटो होईपर्यंत मृतदेह हलवू नका अशी विनवणी केल्याचं तिथल्या एका लष्करी डॉक्टरने लिहिलं.

म्हणून तो फोटो खोटा ठरतो का? माझ्या लेखी नाही. ती माणसं तिथेच मेली होती. त्यांना मातीतून काढून मांडणं हीसुद्धा त्याच युद्धाची पुढची पायरी होती, आणि ते प्रिंट विकत घेणारे होते जिंकलेल्या बाजूचे अधिकारी. मला राग येतो तो खालचा मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलणाऱ्यांचा. त्यातलं साल घटनेचं असतं, फोटोचं नसतं. ‘बंडखोर’ हा शब्दही विकणाऱ्याचा.

हे गिऱ्हाईक लक्षात ठेवलं की शोध सोपा होतो. अधिकाऱ्यांनी प्रिंट घेतले, घरी अल्बमात चिकटवले, शेजारी शाईने काहीबाही लिहिलं, आणि पुढच्या पिढ्यांनी ते अल्बम संग्रहालयांना दिले किंवा लिलावात काढले. त्यामुळे एकच फोटो दहा ठिकाणी दहा वेगळ्या मजकुरांसह सापडतो. नॅशनल आर्मी म्युझियम, ब्रिटिश लायब्ररी, लॉस एंजेलिसचं गेटी म्युझियम आणि दिल्लीचं अल्काझी कलेक्शन, ही चार दारं आधी ठोठावा. शोधताना कानपूर, सिकंदर बाग ही नावं त्या काळच्या इंग्रजी स्पेलिंगने (Cawnpore, Secundra Bagh) टाका, आणि राणीच्या नावाऐवजी फोटोग्राफरच्या नावाने सुरुवात करा: बेआतो, आग्र्याचा डॉक्टर जॉन मरे, रॉबर्ट आणि हॅरिएट टायटलर हे जोडपं, लखनौचा अहमद अली खान. रॉबर्ट टायटलर आणि चार्ल्स शेफर्ड यांच्या नावावर असलेला 1858 चा कैदेतल्या बहादूरशाह जफरचा फोटो एकदा तरी बघा. गादीला टेकून पडलेला तो म्हातारा बादशहा खरोखरच कॅमेऱ्यासमोर होता.

‘आपल्या माणसांकडे कॅमेरा नव्हता का?’ होता की! मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 ची, आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यातले जाणते फोटोग्राफर. एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही निघाला होता. पण झाशीवर चालून जाणाऱ्या सर ह्यू रोजच्या फौजेमागे ही मंडळी कशाला जातील? झाशीच्या वेढ्यात मराठी माणूस होता तो वरसईचा भिक्षुक, विष्णुभट गोडसे. त्याच्या ‘माझा प्रवास’मध्ये राणीचा पोशाख आहे, घोड्यावरची मांड आहे, आणि शहर पडल्यावरच्या कत्तलीचे दिवस आहेत. राणी कशी दिसत होती हे ज्यांना खरंच हवंय त्यांनी तिकडे वळावं.

हल्ली साताऱ्या-कोल्हापूरकडून आणखी एक विचारणा येते: पणजोबा पहिल्या महायुद्धात होते, त्यांचा फोटो निघेल का? पद्धत तीच. फ्रान्समधल्या हिंदी सैन्याचे फोटो 1915 मध्ये गर्डवुड नावाच्या फोटोग्राफरने काढले. त्यांतले बरेच इंटरनेटवर फुकट बघता येतात, आणि ‘हल्ल्या’चे फोटो त्यानेही आघाडीच्या मागे मांडून घेतलेत. पण 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या मेसोपोटेमियात, म्हणून त्या गर्डवुडमध्ये शोधू नका. तिथल्या फोटोंसाठी लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये एरियल व्हार्जेस हे नाव टाका. पणजोबा किरकीच्या सॅपर्समधले, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर तुकडीतले असतील, तर मात्र फ्रान्सची शक्यता आहे. तेव्हा मला विचारण्याआधी घरातलं पदक काढून त्याची कड भिंगाखाली धरा. शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण तिथे कोरलेली असते.