तिच्या पिशवीत माझ्याच अक्षरातला केसपेपर

मी डॉक्टर आहे त्या आमच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, आणि त्यात त्या दिवशी तिशीपुढच्या बायकांची कॅन्सर तपासणी ठेवलेली. म्हणजे बीपी, शुगर, तोंड, छाती आणि शेवटी व्हीआयए, गर्भपिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचं आणि पांढरं उमटते का ते बघायचं. यवतमाळ जिल्ह्यात दिवाळीनंतर कापसाची वेचणी सोडून, मजुरी बुडवून कोण येते हो तपासणीला, पण आमच्या आशाताईनं पंचवीसेक जणी ॲटोत कोंबून आणल्याच.

त्यातल्या एक काकू. पंचावन्नच्या आसपास, पाळी जाऊन सहा वर्षं झालेली. टेबलवर चढायला तयारच नव्हत्या, सिस्टरनं हाताला धरून चढवलं. मी कापसाचा बोळा उचलला तर म्हणाल्या, "थे दवाई नका लावू व मॅडम, आगच होते तिथं."

मग मी लाइट जवळ ओढला आणि नीट बघितलं, आणि व्हीआयए बाजूलाच राहिलं. कातडी पांढरीफट्ट, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ अन् सुरकुतलेली, लघवीच्या जागेपासून खाली गुदद्वाराभोवती गोल गेलेली. पुस्तकात लिहिलेला आठचा आकडा म्हणतात तो हाच, इंग्रजी आठ बरं का, आपला मराठी ८ नव्हे. आतले लहान ओठ जवळजवळ गायब, चिकटून सपाट झालेले. खाजवून खाजवून दोन-तीन जागी जांभळे डाग अन् खालच्या बाजूला बारीक चीर. डाव्या बाजूला एक जागा मात्र जाड, खडबडीत.

मी काही बोलायच्या आत काकूच हळूच म्हणाल्या, "कोड हाय न थे? कोनाले सांगू नका. पोरीची सोयरीक चालू हाय माया."

आठ वर्षं ही बाई कोड समजून गप्प होती. रात्री खाज सुटली की उठून न्हाणीत जाऊन बसायची, कधी कडुलिंबाचं पाणी, कधी तुरटी, कधी जवसाचं तेल, आणि वरून रोज जंतुनाशक टाकून धुवायची. आधीच फाटलेल्या कातडीवर ते! मी सांगितलं, काकू, कोडात फक्त रंग जाते, कातडी तशीच राहते, सहसा खाजत नाही, चिरत नाही. तुमची कातडीच बदलली आहे, याला लायकेन स्क्लेरोसस म्हणतात. शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच त्या कातडीवर उलटते असं मानतात, त्यात तुमची काही चूक नाही, कोणाला लागत नाही, घरच्या माणसालाही नाही. हे शेवटचं ऐकल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं मान वर करून बघितलं. पाळी गेल्यावरच्या बायकांत हे जास्त दिसते, कधी कधी लहान मुलींनाही होते.

खरा झटका मला पुढे बसला. जुने कागद आहेत का विचारलं तर त्यांनी कॅरीबॅगमधून घड्या घातलेले केसपेपर काढले. चार कागद, त्यातल्या तिनांवर अक्षर माझं. 'खाज, पांढरं पाणी. फ्लुकोनाझोल १५०.' तिन्ही वेळा तेच. एकदाही तपासल्याची नोंद नाही, कारण एकदाही तपासलं नव्हतं. ओपीडीत सव्वाशे पेशंट, टेबल खिडकीपाशी, पडदा नाही, बाहेर माणसं बाकावर बसलेली... कारणं आहेत हो, पण बाई "खालून खाजते" म्हणाली की बुरशी समजून गोळी लिहायची ही सवयच झाली होती माझी.

पिशवीत एक पिळून चपटी झालेली ट्यूब पण होती, मेडिकलमधून आणलेली. एकाच मलमात चार औषधं, बुरशीचं, जंतूंचं आणि सोबत क्लोबेटासोल म्हणजे तगडं स्टिरॉइड. काकू म्हणे, "चार दिवस बरं वाट्टे, मंग पुन्हा तसंच." गंमत अशी की त्यांना आराम देत होतं ते त्यातलं स्टिरॉइडच, या आजाराचं मुख्य औषध तेच आहे, फक्त ते चार दिवस लावून सोडायचं नसते. आणि खरीच बुरशीची दाद असती तर याच ट्यूबनं ती जांघभर पसरली असती.

जाड जागेमुळे मी त्यांना आधी सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पाठवलं, तिथे जागा बधिर करून तुकडा काढला. हा आजार वर्षानुवर्षं तसाच राहिला तर शंभरातल्या थोड्या जणींना, साधारण पाचपेक्षा कमी, तिथे कॅन्सर होऊ शकते, म्हणून न भरणारी जखम किंवा गाठ दिसली की तुकडा तपासायचाच. रिपोर्ट आला, लायकेन स्क्लेरोसस, कॅन्सर नाही. रिपोर्टची वाट बघताना मीच जास्त घाबरले होते. त्याच रात्री वाचत बसले, ऑस्ट्रेलियातल्या ५०७ बायकांचा २०१५ सालचा अभ्यास सापडला. नियमित मलम लावणाऱ्यांत एकीलाही कॅन्सर किंवा त्याच्या आधीची अवस्था नाही, अनियमित लावणाऱ्यांत शंभरात जवळपास पाच जणींना.

मग नुसतं क्लोबेटासोल ०.०५ टक्के, क्रीम नाही, तेलकट ऑइंटमेंट, ते झोंबत नाही. एक महिना रोज रात्री, दुसरा महिना दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. किती लावायचं ते हातात आरसा देऊन, त्यांच्याच बोटाच्या पेरावर ट्यूब पिळून दाखवलं, ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरली पाहिजे. साबण बंद, तुरटी बंद, साधं पाणी आणि वरून व्हॅसलीन. शुगर नॉर्मल होती, थायरॉइडही तपासलं, कारण या बायकांत थायरॉइडचा त्रास जास्त सापडते. पंधरा दिवसांनी आल्या तर म्हणे, "झोप लागते व आता." पांढरेपणा सगळा जाणार नाही, चिकटलेले ओठ परत सुटणार नाहीत आणि मलम आठवड्यातून एक-दोनदा पुढेही लावावं लागेल, हे पण सांगितलं. सोयरीक झाली का ते मी विचारलं नाही.

नंतर आशाताईला घेऊन ओपीडीचं रजिस्टर काढलं, वर्षभरात खाजेसाठी तीन किंवा जास्त वेळा आलेल्या बाया शोधल्या. नऊ निघाल्या. पाच तपासायला आल्या. एकीची शुगर ३१२, तिला खरंच बुरशी होती, पण शुगर कमी केल्याशिवाय ती हटणार कशी. एकीची कातडी नुसती खाजवून हत्तीच्या चामड्यासारखी जाड झालेली, तिचा वासाचा साबण बंद केला, थोडे दिवस मलम अन् रात्री झोप येणारी खाजेची गोळी दिली. दोघींना काहीच सापडलं नाही, त्यांना पुन्हा बोलावलं आहे. पाचवी टेबलवर चढलीच नाही.

पडद्यासाठी रुग्ण कल्याण समितीत अर्ज टाकला आहे. तोवर खिडकीवर माझी जुनी साडी लावून काम चालू आहे, सिस्टर म्हणते रंग लय भडक आहे.