खालून वर पाहणारे फोटो

रविवार. आषाढातला पाऊस, दुपारीही दिवे लावावे लागले.

बाबांच्या याशिका कॅमेऱ्याने काढलेले एस्सेल वर्ल्डचे सगळे फोटो खालून वर पाहणारे आहेत. बाबा स्वतः एकाही राईडमध्ये बसले नाहीत. आमच्या चपला, पाण्याची बाटली, काकूची पर्स असं सगळं सांभाळत ते कठड्यापाशी उभे राहायचे आणि आमचा डबा समोरून गेला की बटण दाबायचे. त्यामुळे आम्हाला वरून काय दिसत होतं, याचा एकही फोटो नाही. दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

अल्बम काढला तो बुरशीमुळे. डिचोलीतल्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या वस्तूंचं काय होतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. चिकट पानांचे ते जुने अल्बम, वर प्लास्टिकचा कागद. फोटो पानाला इतके घट्ट धरून बसलेत की ओढले तर वरचा रंगच सोलून येईल. शिवणाचा दोरा दोन्ही हातांत ताणून फोटोच्या मागून सावकाश सरकवत नेला की सुटतो. एकेक फोटो सोडवायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तो डोळ्यांसमोर राहतो. एरवी आपण अल्बम भराभर उलटतो. माणसं बघतो, कोण किती बारीक होतं, कोणाचा फ्रॉक कुठून आणला होता. आज मी माणसांच्या मागचं बघत बसले. माझ्या आणि दादाच्या डोक्यांमागे लोखंडी खांब, त्यावरून वळत गेलेला रूळ आणि वरच्या कोपऱ्यात कडेने कापला गेलेला अर्धा डबा. तो झिपर डिपर, तिथला रोलर कोस्टर.

एस्सेल वर्ल्ड गोराईला १९८९ साली सुरू झालं. आमची फेरी त्यानंतर थोड्याच वर्षांनी झाली. कोकण रेल्वेची गाडी गोव्यातून थेट मुंबईला जाऊ लागली ती १९९८ साली, त्यामुळे आम्ही गेलो ते कदंबच्या रात्रीच्या बसने, गिरगावात काकाकडे. तिथून लोकलने बोरिवली, पुढे गोराईची खाडी आणि मग लाँच. गोव्याच्या मुलांना फेरीबोटीचं काय कौतुक? पण त्या लाँचमध्ये चढताना दादाने माझा हात धरला होता आणि पलीकडचं लोखंड दिसायला लागल्यावर सोडून दिला होता, हे मला लख्ख आठवतं.

झिपर डिपरच्या चढाचा आवाज अजून कानात आहे. खट, खट, खट. डबा साखळीने वर ओढला जात असतो आणि तो मागे घसरू नये म्हणून खाली दाते बसवलेले असतात. डब्याची खिटी त्या एकेका दात्यावरून पुढे पडते, तिचा तो आवाज. शेवटच्या दात्यानंतर आवाज थांबतो. साखळी सुटते. तिथून पुढे डब्याला कसलंही इंजिन नसतं, वर चढताना कमावलेल्या उंचीवरच तो सगळे वळसे पुरे करतो. हे मी पुढे कधीतरी वाचलं, पण आवाज थांबल्यावर पोटात जो खड्डा पडला तो तेव्हाचाच. आणि त्या माथ्यावरून खाडी दिसली होती. ओहोटीचं पाणी, चिखल, तिवरांची हिरवी रांग. आमच्या मांडवीच्या काठासारखीच. मी दादाला ओरडून सांगायला गेले आणि तेवढ्यात डबा खाली सुटला.

आता एस्सेल वर्ल्ड बंद आहे. शेजारचं वॉटर किंगडम चालू आहे, विपश्यनेचा मोठा पॅगोडा २००९ सालापासून तिथे आहे, त्याच खाडीतून लाँच आजही माणसं नेतात. दिल्लीचं अप्पू घर तर आधीच गेलं. एशियाडच्या हत्तीच्या नावाचं ते उद्यान १९८४ साली सुरू झालं, २००८ साली बंद पडलं. पहिल्या महाकाय आकाशपाळण्याचीही गत तीच झाली. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या पूल बांधणाऱ्या इंजिनिअरने तो उभारला. उंची २६४ फूट, छत्तीस डबे, एकेका डब्यात साठ माणसं. १९०६ साली सुरुंग लावून तो पाडला आणि भंगारात विकला. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पणजीत फोंताइन्हसमधल्या जुन्या घरांच्या खिडक्या-बाल्कन्या आपण जपतो, जपायलाच हव्यात. पण ज्या यंत्रात बसून हजारो मुलांनी पहिल्यांदा आपलं गाव सोडून दुसऱ्या शहराची खाडी वरून पाहिली, त्याचा एखादा डबा, एखादी तिकीटखिडकी कोणीतरी ठेवावी असं कोणाच्या मनातही येत नाही. किलोवर जातं सगळं.

याच अल्बममध्ये म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेतला एक फोटो निघाला. त्यात एकही माणूस नाही. नुसत्या उभ्या फळ्या आणि त्यांवरून आडवा गेलेला एक पांढरट ओरखडा. मौत का कुआँ. रात्रीचा उजेड कमी, कॅमेऱ्याची झडप तेवढा वेळ उघडी राहिली आणि मोटरसायकलवाला फोटोत मावलाच नाही. वेग कमी झाला की चाकाची भिंतीवरची पकड सुटणार, म्हणून तो थांबूच शकत नव्हता. वरच्या गॅलरीत उभं राहिलं की फळ्या पायाखाली थरथरायच्या, पेट्रोलचा वास यायचा आणि आई माझ्या कॉलरला मागून धरून असायची. एका हातात खाज्यांची पुडी. बाबांनी हा फोटो बिघडला म्हणून टाकून दिला नाही, याबद्दल मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. सगळ्या अल्बममध्ये हाच एक फोटो असा आहे की ज्यात ती गोष्ट चालू आहे. बाकी ठिकाणी आम्ही पुढे उभे आणि मागे सगळं गप्प.

संध्याकाळी दादाला फोन केला. तो आता डोंबिवलीला असतो. मी म्हटलं, झिपर डिपरचे डबे तांबडे होते ना? तो म्हणाला, छे गं, निळे. फोटोला विचारून उपयोग नाही. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधली निळसर छटा आधी उडते आणि अख्खा फोटो तांबूस होतो. आमचे चेहरे, आकाश, काकूची आकाशी साडी, सगळंच आता विटकरी दिसतंय. खाडीबद्दल विचारलं तर दादाला ती अजिबात आठवत नाही. त्याला उलट्या बाजूला एक झाड आठवतं, त्यात अडकलेला पतंग आठवतो. तो उजवीकडे बसला होता, मी डावीकडे. अर्धा तास आम्ही दोघांनी मिळून तो माथा पुन्हा जुळवला, कुठे काय दिसत होतं ते. काका असते तर आणखी सांगितलं असतं.

काकांचाही अल्बम आहे, त्यांच्या कॅमेऱ्याचा. दादाच्या माळ्यावर आहे म्हणे. काका आमच्याबरोबर राईडमध्ये बसले होते आणि कॅमेरा त्यांच्या गळ्यात होता, हे आम्हा दोघांनाही आठवतंय. चवथीला येताना तो घेऊनच ये, असं त्याला बजावलंय.